कोळसा, धान आणि तेंदूपत्ता : चंद्रपूर-गडचिरोलीत पैसा कुठून येतो, कुठे जातो?

घुग्घुसच्या बाजारात कोणत्याही दुकानात घटकाभर बसा, एकच तक्रार कानावर येते : 'धंदा मंदा आहे.' तक्रार करणाऱ्याच्या समोरून कोळशाचे, सिमेंटचे आणि लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत असतात. त्यांची धूळ दुकानातल्या कापडाच्या थानांवर बसते. एवढा माल डोळ्यांसमोरून जातो, तरी दुकानदाराचा गल्ला महिन्याच्या वीस तारखेनंतर रिकामा का?

याचे उत्तर केवळ घुग्घुसमध्ये बसून मिळणार नाही. त्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले पाहिजेत. या मुलखात पैसा आहे, पण तो एका ठिकाणी नाही आणि बाराही महिने नाही. कोणत्या पट्ट्यात, कोणत्या महिन्यात, कोणाच्या हातात रोकड येते हे ज्याला समजले, त्याचा धंदा एका खाणीवर किंवा एका पगारावर अवलंबून राहत नाही. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी ही माहिती एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

मुलखाची रचना

आजचा गडचिरोली जिल्हा हा मूळच्या चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा झाला. चंद्रपूरचे क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर तर गडचिरोलीचे १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. परंतु २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख होती आणि त्याहून मोठ्या गडचिरोलीची जेमतेम पावणेअकरा लाख. गडचिरोलीच्या एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ७४ माणसे राहतात आणि जिल्ह्याच्या तीन चतुर्थांश भागावर जंगल आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ असा की, गिऱ्हाईक आहे पण ते दूरदूर विखुरलेले आहे आणि त्याच्यापर्यंत माल नेण्याचा खर्च मोठा आहे.

या मुलखाच्या सीमा नद्यांनी आखल्या आहेत. पश्चिमेला वर्धा नदी. तिच्या काठावर घुग्घुस आणि पलीकडे यवतमाळ जिल्ह्याचा वणी तालुका. घुग्घुसजवळ वढा येथे पैनगंगा वर्धेला मिळते. कार्तिकात तिथे मोठी यात्रा भरते आणि आपले अनेक बांधव तिथे दुकाने लावतात. मध्ये वैनगंगा आहे, जी दोन्ही जिल्ह्यांमधली सीमा आहे. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती तेलंगणाच्या सीमेवरून वाहत सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेला इंद्रावती आणि तिच्यापलीकडे छत्तीसगड.

दळणवळणाचा हिशोबही लक्षात ठेवावा. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावर चंद्रपूर आणि बल्लारशा आहेत. याउलट संपूर्ण गडचिरोली जिल्ह्याला आजवर वडसा (देसाईगंज) हे एकच रेल्वे स्थानक आधाराला राहिले आहे. गडचिरोली शहरापासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथल्या दुकानदाराला पावसाळ्याचा माल जूनपूर्वीच भरावा लागतो. त्याला माल पुरविणाऱ्यानेही ही गोष्ट मे महिन्यातच ओळखली पाहिजे.

चार पट्टे, चार बाजार

धंद्याच्या दृष्टीने या मुलखाचे चार पट्टे पडतात.

पहिला पट्टा कोळसा, सिमेंट आणि कापसाचा. वरोरा, भद्रावती, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, कोरपना हा पश्चिमेचा भाग. इथे काळी जमीन आहे, कापूस-सोयाबीन पिकते आणि जमिनीखाली वर्धा खोऱ्याचा कोळसा व चुनखडी आहे. म्हणूनच चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी आणि गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखाने इथे उभे राहिले.

दुसरा पट्टा धानाचा. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा, गडचिरोली, चामोर्शी. पूर्वेकडे जावे तसा पाऊस वाढतो, कापूस मागे पडतो आणि बांध्या दिसू लागतात. जुन्या मालगुजारांच्या काळातले मामा तलाव, गावोगावच्या बोड्या आणि असोलामेंढा, घोडाझरीसारखे मोठे तलाव ही या पट्ट्याची खरी भांडवली गुंतवणूक आहे.

तिसरा पट्टा जंगलाचा. कोरची, कुरखेडा, धानोरा, एटापल्ली, भामरागड, अहेरी. येथील गोंड-माडिया कुटुंबाची वर्षाची रोकड तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू, चारोळी, हिरडा, मध, डिंक अशा वनोपजातून येते.

चौथा पट्टा नदीकाठचा. सिरोंच्याकडचा माणूस तेलुगू बोलतो आणि गोदावरीवर पूल झाल्यापासून त्याला नागपूरपेक्षा तेलंगणाची बाजारपेठ जवळ पडते. मुलचेरा आणि चामोर्शीकडे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. मासळी आणि भाजीपाल्यात त्यांचा हात चांगला आहे. ज्या व्यापाऱ्याला मराठीबरोबर थोडी तेलुगू, थोडी गोंडी येते, त्याच्या दुकानी गिऱ्हाईक आपल्या माणसासारखे येते.

घुग्घुस : पैसा येतो, पण थांबत नाही

आता आपल्या गावाकडे वळू. घुग्घुसच्या अर्थव्यवस्थेचे तीन खांब आहेत : वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, १९७० च्या सुमारास सुरू झालेला एसीसीचा सिमेंट कारखाना आणि नव्वदच्या दशकात आलेला लॉइड्स मेटल्सचा स्पंज आयर्न कारखाना. या कारखान्यासाठी गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टीमार्गे ट्रकने येऊ लागले. म्हणजे दूरच्या जंगलपट्ट्याशी घुग्घुसचे नाते आता थेट जोडले गेले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडच्या पायथ्याशी नक्षलवाद्यांनी पाऊणशेच्या आसपास ट्रक जाळले, तेव्हा त्याची झळ तिथे गाड्या लावणाऱ्या लहान वाहनमालकांना बसली. २०२१ पासून खाण पुन्हा जोरात चालू झाली. २०२५ मध्ये गडचिरोलीत नक्षलवाद्यांच्या मोठ्या नेत्यासह अनेकांनी शस्त्रे खाली ठेवली आणि रस्ते व वाहतुकीला आणखी चालना मिळाली.

इतके असूनही पैसा गावात का थांबत नाही? त्याची कारणे उघड आहेत. कोळसा, सिमेंट, लोखंड हा सर्व माल बाहेर विकला जातो आणि नफ्याचा हिशोब मोठ्या शहरात होतो. गावाच्या वाट्याला फक्त पगार, भाडे आणि किरकोळ कामे येतात. पूर्वी खाणीत कायम कामगार जास्त होते. त्यांचे कुटुंब इथे, मुलांची शाळा इथे, किराणा-कपडा इथे. आता बरेच काम कंत्राटदारांकडे गेले आहे. कंत्राटी कामगार बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून येतो, खोली भाड्याने घेतो, पोटापुरता खर्च करतो आणि उरलेला पैसा घरी पाठवतो. त्यात त्याचा दोष काहीच नाही, पण दुकानदाराने हा बदल ओळखला पाहिजे. या गिऱ्हाइकाला सोफासेट किंवा लग्नाचा बस्ता लागत नाही. त्याला स्वस्त खानावळ, मोबाइल दुरुस्ती, बूट, ब्लँकेट आणि गावी नेण्यासारखी वस्तू लागते.

एक गोष्ट दारूबद्दलही सांगितली पाहिजे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी किती यशस्वी झाली यावर वाद होतील. परंतु पगाराचा पैसा गुत्त्यात गेला तर तो किराणा आणि कापडाच्या दुकानात जात नाही, याबद्दल वाद होऊ शकत नाही.

वरोऱ्याचा धडा

कोळसा कायमचा नसतो. हे समजण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, वरोऱ्यापर्यंत गेले तरी पुरे. या भागातील पहिली मोठी खाण तिथेच एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. त्या कोळशासाठी इंग्रजांनी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आणली. पण १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. खाण गेली, तरी वरोरा उजाड झाले नाही, कारण त्या गावाजवळ कापसाची बाजारपेठ होती आणि शेतकऱ्यांचे येणे-जाणे होते. ज्या गावाचा व्यापार आसपासच्या शंभर खेड्यांशी जोडलेला असतो, ते गाव खाणीनंतरही जगते. ज्या गावाचा व्यापार फक्त खाणीच्या फाटकाशी असतो, त्याचे काय होईल?

घुग्घुसला एक इशारा ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाला. आमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. अल्लाहच्या कृपेने घरातील माणसे वेळेवर बाहेर पडली, पण आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. दुसरा इशारा प्रदूषणाचा आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाने चंद्रपूर, ताडाळी, घुग्घुस, बल्लारपूर हा पट्टा देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत घातला आणि २०१० मध्ये येथे नव्या उद्योगांवर काही काळ बंदी आली होती. अशा ठिकाणी दुकान किंवा घर घेताना जागेखाली जुने काम आहे काय, जमीन कोणाच्या नावावर आहे आणि उद्या संपादनात जाणार काय, याची चौकशी आधी करावी. आयुष्यभराची पुंजी घालून नंतर पस्तावण्यात अर्थ नाही.

धानाचा पैसा

आता धानपट्ट्याकडे पाहू. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी होते. हलके धान दिवाळीच्या सुमारास निघते, भारी धान नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. सरकारी आधारभूत केंद्रांवर धान घेतले जाते. आदिवासी भागात हे काम आदिवासी विकास महामंडळ करते, इतरत्र पणन महासंघ. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा आधारभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. परंतु केंद्रावर धान दिले की लगेच पैसा हातात पडत नाही. तो बँकेच्या खात्यात येतो आणि कधी कधी बरेच आठवडे लागतात. म्हणून धानपट्ट्यात कापड किंवा भांडी विकणाऱ्याने कापणी झाली म्हणजे रोकड आली, असे समजू नये. खरी रोकड जानेवारी-फेब्रुवारीत खेळते.

धानाच्या व्यवहारात आणखी एक हिशोब आहे. १०० किलो धान गिरणीत टाकले तर साधारण ६५ ते ६७ किलो तांदूळ मिळतो. उरलेल्यात कोंडा, कणी आणि तूस असते. कोंड्यातून तेल निघते, कणी कोंबडी खाद्याला जाते, तूस भट्टीत जळते. ज्याच्याकडे गिरणी आहे तो या चारही वस्तू विकतो. शेतकरी फक्त एक वस्तू विकतो.

या पट्ट्यातल्या माणसाची बुद्धी कमी आहे असे कोणी समजू नये. देशभर खपणारे एचएमटी नावाचे तांदळाचे वाण नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने निवड करून शोधून काढले. वाण लाखो एकरांत पेरले गेले, बियाणे विकणाऱ्यांनी पैसा कमावला आणि दादाजी २०१८ मध्ये गरिबीतच वारले. माल तयार करणारा आणि पैसा मिळविणारा यांच्यात किती अंतर पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

दिवाळी संपली की धानपट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचे केंद्र. गावोगाव रात्रभर नाटके, सोबत शंकरपट आणि मंडई. मंडप, रोषणाई, कपडेपट, चहा-फराळ, खेळणी, बांगड्या असा सगळा बाजार तीन-चार महिने फिरता असतो. त्यानंतर बरीच मजूर कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि परत येताना मजुरीबरोबर घरापुरती मिरचीही आणतात. त्या दिवसांत गावे अर्धी रिकामी असतात. तेव्हा तिथे माल भरून ठेवणे म्हणजे पैसा अडकविणे.

तेंदूपत्ता : पंधरा दिवसांची कमाई

जंगलपट्ट्यात सर्वांत मोठी रोकड तेंदूपत्त्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे छाटतात, त्याला खुटकटाई म्हणतात. दीड महिन्यानंतर कोवळी पाने फुटतात. एप्रिलअखेर ते मे या काळात अवघे पंधरा-वीस दिवस तोडणी चालते. अख्खे कुटुंब पहाटे जंगलात जाते, दुपारी घरी बसून पानांचे पुडके बांधते आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने मोजून वाळविण्याच्या मैदानावर, नेऊन देते. महाराष्ट्रात एका पुडक्यात ७० पाने असतात आणि १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने. प्रत्येक पान कोणीतरी उन्हात, वाघ-अस्वलाच्या भीतीत हाताने तोडलेले असते.

पूर्वी या व्यापाराची सर्व सूत्रे १९६९ च्या कायद्याने वन खात्याकडे होती. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी चित्र पालटले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्याने बांबू विकला. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. त्यामुळे मजुरीशिवाय रॉयल्टीचा पैसाही गावात येऊ लागला.

व्यापाऱ्याने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, आता सौदा कोणा एका पाटलाशी किंवा साहेबाशी होत नाही, तो ग्रामसभेशी होतो. ठराव लेखी लागतो, पैसा खात्यात भरावा लागतो. दुसरी गोष्ट, ठेकेदाराने पैसे बुडविल्याचे अनुभव गावांनी घेतलेले आहेत. त्यामुळे ज्याचा शब्द खरा त्यालाच पुढच्या वर्षी दार उघडे राहते. तिसरी गोष्ट कराची. सप्टेंबर २०२५ मध्ये तेंदूपत्त्यावरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आणि विडीवरील २८ वरून १८ करण्याचा निर्णय झाला. पानाचा धंदा करणाऱ्याला हा दिलासा आहे. मात्र विडी ओढणारा दर पिढीत कमी होत आहे, हेही विसरू नये.

तेंदूच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडते. इथे एक जुनी वाईट पद्धत आहे. भरपावसात घरात दाणा नसलेल्या माणसाला थोडे धान्य द्यायचे आणि त्याच्याकडून उन्हाळ्यातले मोहफूल किंवा हिवाळ्यातले धान निम्म्या भावात लिहून घ्यायचे. अडलेल्याला असे नडणे आपल्याला शोभत नाही. शरीअतमध्ये आगाऊ पैसे देऊन पुढे माल घेण्याचा 'सलम' हा व्यवहार मान्य आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. पूर्ण किंमत सौद्याच्या वेळीच द्यावी लागते आणि मालाचा प्रकार, प्रत, वजन व देण्याची मुदत आधीच ठरवावी लागते. असा सौदा करण्यापूर्वी जाणकार आलिमांना विचारून घ्यावे.

पेतेनची गोष्ट

कच्चा माल विकून गरीब राहणारा मुलूख जगात केवळ आपलाच नाही. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेला पेतेन हा जंगलाचा विभाग आहे. देशाच्या जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा या एकट्या विभागात आहे आणि वस्ती विरळ. अगदी आपल्या गडचिरोलीसारखे. तिथले लोक जंगलातून 'शाते' नावाच्या ताडवर्गीय झुडपाची पाने तोडतात. ती परदेशात फुलांच्या गुच्छांत आणि चर्चच्या सजावटीत वापरली जातात. पूर्वी तोडणाऱ्याला पानांच्या संख्येवर पैसा मिळे. म्हणून तो चांगली-वाईट सगळीच पाने तोडी, पुढे व्यापारी त्यातली पुष्कळ फेकून देई आणि जंगल उगाच उघडे पडे.

१९९० मध्ये तिथे मोठे राखीव जंगल जाहीर झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत गावांच्या संस्थांना जंगलाचे भाग २५ वर्षांच्या कराराने मिळाले. काही गावांनी पानांची निवड गावातच सुरू केली. ते काम बायकांना मिळाले. पैसा संख्येऐवजी प्रतीवर मिळू लागला, तशी खराब पाने तोडणे कमी झाले. महोगनीचे ओंडके विकण्याऐवजी गावाच्या आरागिरणीत फळ्या कापून विकू लागले. झाड तेच, पान तेच, फक्त शेवटचे काम गावात झाले आणि त्याची मजुरी गावात राहिली.

आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. तेंदूचे पान इथले, विडी वळली जाते दुसरीकडे. बांबू इथला, वस्तू बनते दुसरीकडे. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती देशभर आहे, पण त्याच्या खुर्च्या-पलंगाचे दुकान नागपूरला.

पैशाचे पंचांग

वर सांगितलेले सर्व एका पंचांगात असे बसते :

जून ते ऑगस्ट : बियाणे, खत, रोवणीचा खर्च. सर्वत्र रोकड कमी, उधारी सर्वांत जास्त. ताडपत्री, छत्री, गमबूट, पंप दुरुस्तीला मागणी.

सप्टेंबर-ऑक्टोबर : ओढाताण चालूच. पश्चिमेला सोयाबीन निघू लागते.

नोव्हेंबर-डिसेंबर : कापसाची वेचणी, धानाची कापणी, वढ्याची यात्रा, नाटकांचा हंगाम सुरू. उबदार कपडे, ब्लँकेट, मळणी यंत्रांची दुरुस्ती.

जानेवारी-फेब्रुवारी : धानाचा पैसा खात्यात. भांडी, कापड, घरबांधणीचे सामान. महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा.

मार्च-एप्रिल : मोहफूल, मिरचीची मजुरी, चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा.

मे : तेंदूपत्ता आणि लग्नसराई. जंगलपट्ट्यात वर्षातली सर्वांत मोठी खरेदी.

घुग्घुसचा पगार मात्र बाराही महिने. म्हणून पगाराच्या पहिल्या दहा दिवसांत गावातले दुकान आणि उरलेल्या दिवसांत हंगामाप्रमाणे एखाद्या पट्ट्याचा आठवडी बाजार, अशी दोन पायांवर उभी असलेली दुकानदारी अधिक टिकाऊ ठरते.

यात आपल्यासाठी एक विशेष गोष्ट आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे ईद हंगामामागून हंगाम मागे सरकते. २०१८ आणि २०१९ मध्ये ईदुल फित्र जूनमध्ये, तेंदूचा पैसा हातात असताना आली. २०२६ ची ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली, म्हणजे धानाचा पैसा खर्च होत आलेला आणि तेंदू यायचा अशा मधल्या काळातली. २०३० च्या सुमारास ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ऐन धानाच्या रोकडीत येईल. घरचा ईदचा खर्च आणि दुकानातील माल भरणे एकाच वेळी आले की हात आखडतो. हे चार वर्षे आधी ठाऊक असते, तर तरतूदही आधी करता येते. बकरी ईदचेही तसेच. ती मेअखेर किंवा जूनच्या तोंडावर आली की शेतकऱ्याला बियाण्यासाठी पैसा हवा असतो आणि तो बकरे विकायला तयार असतो. योग्य भाव दिला तर दोघांचेही भले होते.

उधारीचा हिशोब

खाणीच्या गावात उधारी सुटत नाही, हे खरे. पण तिचे गणित मांडून पाहा. समजा, विक्रीवर दहा टक्के नफा सुटतो. एका गिऱ्हाइकाने १०,००० रुपये बुडविले, तर ती भरपाई करण्यासाठी १,००,००० रुपयांची नवी विक्री करावी लागते. म्हणजे एवढ्या विक्रीची मेहनत फुकट गेली. कंत्राटदाराचे काम संपले की त्याचे मजूर एका रात्रीत गाव सोडतात. म्हणून उधारी द्यायचीच तर माणूस पाहून, एका पगारापुरती आणि लेखी द्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये आहे. आणि जो खरोखर अडचणीत आहे त्याला सवलत देण्याची शिकवण त्याच सूरहमध्ये, आयत २८० मध्ये आहे. वही चोख आणि मन मोठे, दोन्ही एकत्र असू शकते.

भांडवलासाठी सावकाराकडे किंवा व्याजी कर्जाकडे जाण्याआधी भागीदारीचा विचार करावा. एकाने पैसा घालावा, दुसऱ्याने मेहनत करावी, नफ्याचे प्रमाण आधी ठरवावे, आणि तोटा झालाच तर तो पैसेवाल्याने सोसावा, मेहनत करणाऱ्याची मेहनत गेली. या मुदारबतीच्या रीतीने धानाच्या हंगामात एखादी दुरुस्तीची गाडी किंवा यात्रेचे दुकान उभे करता येते.

कारागिरांनी काय करावे?

वेल्डर आणि फिटर बांधवांनी ट्रकच्या कामावर समाधान मानू नये. ट्रॉली, मळणी यंत्र, पंप यांची दुरुस्ती ही धानपट्ट्यात नोव्हेंबरपूर्वी हवी असते. फिरत्या गाडीतून ती सेवा देता येईल.

सुतारांनी सागवान वन विभागाच्या आगाराच्या लिलावातून किंवा परवानाधारक गिरणीतूनच घ्यावे. बिल, वाहतूक परवाना आणि लाकडावरील हातोड्याची खूण जपून ठेवावी. चोरटा लाकूडफाटा स्वस्त पडतो, पण एका छाप्यात दुकान, अवजारे आणि अब्रू तिन्ही जातात. भंगार आणि कोळशाच्या धंद्यालाही हाच नियम. मालाचा उगम माहीत नसेल तर हात लावू नये. हराम कमाईत बरकत नसते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या घरातील मुला-मुलींनी तिथे काय शिकवले जाते ते जाऊन पाहावे. नागभीड-आरमोरीकडे कोशाचे रेशीम होते. त्याचे कापड शिवणारा, रंगविणारा हात आपल्यातला का असू नये? ताडोब्याच्या वाघासाठी देशोदेशीचे पाहुणे येतात. त्यांच्या गाड्यांच्या गाद्या, हॉटेलांचे पडदे, लाकडी वस्तू पुरविणारा नागपूरचाच असला पाहिजे असे नाही.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. गल्ला रिकामा का? कारण आपण ट्रककडे पाहत राहिलो. ट्रकातला माल आपला नाही आणि त्याचा नफाही आपला नाही. आपले गिऱ्हाईक त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे : कापूस वेचणारा, धान कापणारा, पान तोडणारी. त्यांच्यापर्यंत योग्य महिन्यात, योग्य माल घेऊन, खऱ्या वजनाने जो पोहोचेल, त्याला कोळसा संपण्याची भीती उरणार नाही. पुढच्या जुम्याला दुकान बंद असेल तेव्हा अर्धा तास काढून आपल्या वहीची मागची पाने चाळा. कोणत्या महिन्यात, कोणत्या गावच्या माणसाने रोख पैसे मोजले, ते लिहून काढा. तुमच्या धंद्याचे पंचांग तिथेच सापडेल.

अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.